चाकांवरचं घर मुक्कामाला आलं तर



गाडीलोहारांचं बिऱ्हाड आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. गाडीतच अंथरूण, गाडीतच भांडीकुंडी. आता तसंच बिऱ्हाड मोटारीत मांडून लोक फिरायला निघतात. त्या गाडीला मोटारहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आणलं.

या गाड्या तीन मापांच्या असतात. लहान गाडीत दोघं कशीबशी झोपतात. मोठी असते बसएवढी, ती जंगलातल्या अरुंद वाटेवर वळता वळत नाही, फांद्यांना घासते. मधली साधारण वीस-पंचवीस फुटांची, चार-पाच माणसांची. दिवसा बसायची बाकं, रात्री त्यांचाच पलंग. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या डोक्यावरही बिछाना असतो. छोटा ओटा, गॅस, संडास, न्हाणी, सगळं आत. म्हातारी सासू आणि तान्हं लेकरू घेऊनही निघता येतं. वाटेत आडोसा शोधावा लागत नाही. ही अडचण बाईमाणसाला किती छळते, ते आपल्याला ठाऊक आहे. लोकांना ही गाडी आवडते ती यासाठीच.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे. तो पाहायला, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम पाहायला लांबून माणसं येतात. उद्या अशी एखादी गाडी आपल्या गावी थांबली, तर बचत गटाने काय करायचं?

पलंग ती घेऊनच येते. तिला लागते सपाट, टणक जागा, भरून घ्यायला स्वच्छ पाणी आणि विजेचा प्लग. आतल्या माणसांना लागतं गरम जेवण. भात, भाजी, मोहाचे लाडू, हे तर आपल्या हातचं काम. जागेचा आणि जेवणाचा दर आधी ठरवून फळ्यावर लिहावा, म्हणजे नंतर वाद नको.

पण पैशाआधी एक गोष्ट विचारायची. या गाडीत तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, तिसरी संडासाची. भरल्या की त्या कुठेतरी रिकाम्या कराव्याच लागतात. रात्री कोणी नाल्यात सोडून दिलं, तर ती घाण नदीत जाईल, आणि त्याच नदीवर खालच्या गावची लेकरं आंघोळ करतात. संडासाच्या टाकीत बरेचदा वास मारायचं औषधही घातलेलं असतं.

म्हणून आम्हाला वाटतं, नियम साधे ठेवावेत. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी विहिरीपासून, हातपंपापासून दूर शोषखड्ड्यात. संडासाची टाकी गावात उघडायचीच नाही. जिथे तिची नीट सोय आहे तिथेच नेऊन रिकामी करावी. पावसाळ्यात पाहुण्यांना बोलवू नये. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट कितीदा तुटली आहे. आणि जागा कुठे द्यायची, हे ग्रामसभेत ठरवावं. आपला भाग पेसा कायद्याखाली येतो, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. त्या सभेत बायांनी मागे बसू नये.

पाहुणा दोन दिवसांनी जाईल. नदी आपल्यापाशी राहणार आहे.

जोहार!