उघडे दरपत्रक



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. यंत्र दिसले की ते कुणाच्या जागी उभे राहणार, हे आम्ही आधी विचारतो. घरगुती संगणकावरच्या पहिल्या बुद्धिबळालाही आम्ही तोच प्रश्न विचारला, आणि उत्तर मोठे मौजेचे निघाले.

१९७६ साली कॅनडातल्या पीटर जेनिंग्ज यांनी ‘मायक्रोचेस’ रचले. ते चाले किम-१ नावाच्या संगणकावर. संगणक कसला, उघडी पाटीच ती! पडदा नाही, पट नाही. सहा आकडे उमटण्याची खिडकी आणि थोड्या कळा. स्मृती जेमतेम हजारभर अक्षरांची. हे आमचे भाषणही तीत मावणार नाही. खेळणाऱ्याने आपला पट शेजारी मांडायचा, आपली खेळी आकड्यांनी कळवायची, आणि यंत्राने दाखविलेले आकडे वाचून त्याचेही मोहरे आपणच सरकवायचे. साच्यावर उभे राहून जन्म काढलेल्यांना ही चाकरी काही नवी नाही.

पण दहा डॉलरला विकला जाणारा हा खेळ सगळ्या आज्ञांच्या छापील यादीसह हाती पडे. पुढे १९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सॅन होजे येथे छोट्या संगणकांची बुद्धिबळ-स्पर्धा झाली. ती डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्याच्या ‘सार्गॉन’ने जिंकली. जिंकल्यावर चतुर व्यापारी काय करील? मूठ झाकून ठेवील. यांनी त्याच वर्षी सगळा प्रोग्रॅम पुस्तकरूपाने छापला.

आता मुद्द्याची गोष्ट. यंत्राला डावातले काही कळत नाही. त्याला भाव तेवढे कळतात. प्यादे एक, घोडा आणि उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, अशी मोले माणसाने ठरवून द्यायची. मग यंत्र पुढच्या खेळ्यांची बेरीज-वजाबाकी करीत बसते. हा तर उक्त्या कामाचा दरच झाला की! आणि दरपत्रक छापलेले असल्यामुळे कोणीही उठून म्हणू शकत होता, “घोड्याला तीन कमी पडतात,” आणि आकडा बदलून पुन्हा खेळून पाहू शकत होता.

आज घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलांची मजुरी फोनमधला असाच एक हिशेब ठरवितो. अंतर कालच्याइतकेच, मग आज पैसे कमी का? विचारायला जावे तर समोर माणूसच नसतो. या मुलांसाठी आम्ही मागणीपत्र लिहिले, त्यात दरवाढ दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर दरपत्रक आहे.