मधली सुट्टी आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा विषय कळल्यावर आपला एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "गुरुजी, शिष्यवृत्तीवर बोला, स्पर्धा परीक्षांवर बोला. मुलांची चिडवाचिडवी हा काय भाषणाचा विषय झाला?" त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण नोकरीची पहिली काही वर्षे मीही असाच विचार करीत होतो. म्हणून सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वर्गातील एका मुलाचे वडील लग्नसराईत बँडमध्ये ढोल वाजवीत. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळा बुडवू लागला. कधी पोट दुखे, कधी डोके दुखे. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत गेलो आणि मनाशी ठरवून टाकले, पोरगा आळशी झाला. प्रत्यक्षात काय घडत होते? वर्गातील एक दांडगा मुलगा रोज त्याच्या दप्तरावर आणि मग पाठीवर ढोल बडवी, वरातीचे गाणे म्हणे, आणि बाकीची मुले हसत. एकदा हा प्रकार माझ्यासमोर झाला. आणि बंधुभगिनींनो, त्या वेळी मीही हसलो. माझ्या त्या हसण्याने वर्गाला जणू परवाना मिळाला.

पुढे त्याची आई शाळेत आली. तिने तक्रार केली नाही. "गुरुजी, दाखला द्या, मामाच्या गावाला घालते," एवढेच म्हणाली. दाखल्यावर शाळा सोडल्याचे कारण लिहावे लागते. मी लिहिले, 'पालकांच्या विनंतीवरून'. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. खरे कारण मला पुढे त्याच वर्गातील एका मुलीने सांगितले. तोपर्यंत उशीर झाला होता.

आता कोणी विचारील, मुलांनी थट्टामस्करी करूच नये काय? जरूर करावी. थट्टेत आज मी तुला हसतो, उद्या तू मला हसतोस, आणि दोघे मिळून डबा खातो. पण जेव्हा एकच मूल रोज रोज लक्ष्य होते, त्याला उलट उत्तर देण्याचे बळ नसते आणि ते रडले तरी थांबत नाहीत, तेव्हा ती थट्टा राहत नाही, तो छळ होतो. मारणे हा छळ आहे, तसेच डबा हिसकावणे, नावे ठेवणे, खेळात न घेणे, 'याच्याशी कोणी बोलायचे नाही' असा कट करणे हाही छळच आहे.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात वेगळे बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नळ सोडायला नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. तो छळ एका मुलाचा खोडसाळपणा नव्हता, सगळ्या व्यवस्थेचा होता. आज गोणपाट गेले. पण आडनावावरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून, वस्तीच्या नावावरून बोलणारी जीभ गेली काय? आणि प्रामाणिकपणे सांगू या, कधी कधी आपलीही मुले दुसऱ्या दुबळ्या मुलाला, तोतऱ्याला, लंगड्याला अशीच बोलतात. ज्याने चटका सोसला त्यानेच दुसऱ्याला चटका द्यावा, यासारखे दुःख नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. नॉर्वेमध्ये १९८२ साली तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, असे पुढे आले. सारा देश हादरला. १९८३ साली तेथील सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातील शाळांत काम करून दाखविले की, मधल्या सुट्टीत मोठ्यांचे लक्ष, वर्गाचे स्पष्ट नियम, मुलांच्या नियमित बैठका आणि पालकांशी बोलणे एवढे नेटाने केले, तर छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने खाली येते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला कार्यक्रम २००९ पासून देशातील शाळांत गेला. त्यांनी भर दिला तो बघ्यांवर. छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो, पण बघणारे वीस-पंचवीस असतात. ते हसले तर छळणाऱ्याला जोर येतो. ते सोसणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले तर त्याचा जोर ओसरतो.

त्या दाखल्यानंतर मी माझी पद्धत बदलली. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. छळ सहसा फळ्यासमोर होत नाही. तो नळावर, मुतारीच्या मागे, खिचडीच्या रांगेत आणि घरी जायच्या वाटेवर होतो. म्हणून मी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बसणे सोडले आणि नळाशेजारच्या ओट्यावर बसू लागलो. काही बोलावे लागत नसे. बसणेच पुरे होई.

दुसरी गोष्ट. नियम मुलांकडूनच करवून घेतले. चारच नियम होते. कोणाला नाव ठेवायचे नाही, कोणाला एकटे पाडायचे नाही, कोणी एकटा दिसला तर खेळात घ्यायचे, आणि कोणाला त्रास होत असेल तर मोठ्यांना सांगायचे. दर शनिवारी अर्धा तास गोल बसून त्यावर बोलायचो.

तिसरी गोष्ट. छळणाऱ्या मुलाला मी छडी मारीत असे. त्यातून तो एवढेच शिकला की, बळ असेल त्याने मारावे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ प्रमाणे, मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. पुढे अशाच एका दांडग्या मुलाला मी एकटे बाजूला घेऊन विचारले, तेव्हा त्याच्या दंडावर पट्ट्याचे वळ दिसले. त्याला मी माफ केले असे नव्हे. तुटलेली पाटी त्याने स्वतः बदलून दिली. पण पहिलीच्या मुलांना हात धुवायला नेण्याचे कामही त्याला दिले, आणि ज्या दिवशी त्याने नीट केले त्या दिवशी नाव घेऊन सांगितले, "आज तू लहानग्याला आधी पाणी दिलेस, ते मी पाहिले." तो एका दिवसात साधू झाला नाही. पण वर्षाअखेरीस पहिलीची मुले त्याला दादा म्हणू लागली होती.

चौथी गोष्ट. दोघांना समोरासमोर उभे करून सर्वांसमोर 'माफी माग, हात मिळवा' म्हणू नका. भ्यालेले मूल हात मिळवते आणि शाळा सुटल्यावर पुन्हा मार खाते. दोघांशी वेगवेगळे बोला, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

पालकांनो, मूल रोज सकाळी पोट दुखते म्हणत असेल, वह्या फाटलेल्या येत असतील, डबा असूनही भुकेले येत असेल, तर आधी रागावू नका, शेजारी बसा. 'तूही दोन ठेवून दे' हा सल्ला देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. तेथे हा विषय मांडा. शाळेने ऐकले नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत दूरध्वनी आहे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. राहुल लहान असताना भगवान बुद्धांनी त्याला शिकविले की, आरशात पाहावे तसे आपल्या कृतीकडे पाहावे. करण्याआधी, करताना आणि केल्यावर. याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय, एवढे विचारावे. तुम्हीही तेवढेच विचारा. आणि लक्षात ठेवा, मित्राला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. मित्र वाचावा म्हणून सांगणे हे धैर्य.

त्या ढोलवाल्याच्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला कळले नाही. आपल्या वस्तीतील एकाही मुलाच्या दाखल्यावर खोटे कारण लिहिण्याची पाळी कोणा गुरुजीवर येऊ नये, एवढीच आजच्या दिवशी इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जयभीम!