पूर्वेचा समुद्र



समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा येतो. पण त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर पडलेलं पाणी, अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत असूनही, तिकडे वळत नाही. गोदावरी ते १४६५ किलोमीटर वाहून नेते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरची कृष्णाही तिथेच पोचते.

जगातला हा सर्वांत मोठा उपसागर. महाराष्ट्राच्या सुमारे सातपट. गंगा-ब्रह्मपुत्रेनं हिमालयातून आणलेला गाळ त्याच्या तळावर जवळजवळ तीन हजार किलोमीटर, पार श्रीलंकेच्या दक्षिणेपर्यंत पसरला आहे. नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. खालच्या थंड पाण्यात ते सहजी मिसळत नाही, म्हणून समुद्राचा पृष्ठभाग उबदार राहतो. या उबेवर पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं पोसली जातात आणि पश्चिमेकडे सरकतात. विदर्भाचा, पुष्कळदा मराठवाड्याचाही पाऊस त्यांच्यावर अवलंबून असतो.

तीच ऊब चक्रीवादळांना बळ देते. उत्तरेकडे हा उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ होत जातो, त्यामुळे वाऱ्यानं लोटलेलं पाणी भिंतीसारखं किनाऱ्यावर चढतं. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात एका रात्रीत निदान तीन लाख माणसं गेली. मदतीतल्या दिरंगाईनं तिथली जनता खवळली, आणि पुढच्याच वर्षी बांगलादेश जन्माला आला. ओडिशात १९९९ च्या महावादळानं सुमारे दहा हजार बळी घेतले. त्या राज्यानं मात्र धडा घेतला: निवारे बांधले, गावोगाव इशारा पोचवला. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं, तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते. मृतांची संख्या पन्नासच्याही आत राहिली. मला हा आपल्या देशाचा फार मोठा पराक्रम वाटतो.

पराक्रम या समुद्रानं पूर्वीही पाहिले. १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाचं आरमार तो ओलांडून पलीकडच्या श्रीविजय साम्राज्यावर चालून गेलं. आपलाही संबंध आहे: १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. वर्गात नकाशा लावाल, तेव्हा मुलांचं बोट मुंबईवर थांबू देऊ नका. ते गोदावरीवरून नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री असं पूर्वेच्या समुद्रापर्यंत न्या.