नुसता नेम पुरतो का?

बचत गटाच्या कार्यक्रमात आज आम्ही हप्त्यांचं बोलणार नाही, बास्केटबॉलचं बोलणार आहोत. नवल वाटलं ना? पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं-मुली शाळेत हा खेळ खेळतात आणि घरी मोबाईलवर अमेरिकेतले सामने बघतात. जून महिना आला की त्यांचा एकच वाद सुरू होतो: यंदा ड्राफ्टमध्ये कोणाला घ्यावं, आणि निवडताना सगळ्यात आधी नेम बघावा की आणखी काही? हा वाद आपण आयांनीही समजून घ्यावा असा आहे.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत एनबीए ही पुरुषांची आणि डब्ल्यूएनबीए ही बायकांची व्यावसायिक लीग. दरवर्षी तिथले संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. मागे पडलेल्या संघांना आधी निवडायची संधी मिळते. एनबीएत निवडली जाणारी बरीच मुलं जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची असतात. कोण कितव्या क्रमांकावर गेला यावर त्याचा पगार ठरतो, आणि पुढे किती संधी मिळतील तेही बरंचसं ठरतं.

आता नेमाला एवढं महत्त्व का, त्याचा हिशोब बघा. जवळून मारलेल्या बास्केटला दोन गुण आणि लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्याला तीन. जवळून शंभर वेळा चेंडू टाकला आणि निम्मे लागले, तर 100 गुण झाले. लांबून शंभर वेळा टाकला आणि 35च लागले, तरी 105 होतात. एनबीएत ही रेषा 1979 मध्ये आली. तेव्हा एक संघ एका सामन्यात लांबून तीनेक वेळा प्रयत्न करायचा, आता पस्तीसच्या आसपास करतो. म्हणून ज्याचा नेम पक्का, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे.

पण 2011 सालचा ड्राफ्ट बघा. त्या वर्षी अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त गुण जिमर फ्रेडेट या मुलाने केले होते, सामन्याला सरासरी जवळजवळ 29. कुठूनही मारायचा आणि लागायचं. तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर कवाय लेनर्ड नावाचा मुलगा होता. कॉलेजात लांबून मारलेल्या चारांतला त्याचा एखादाच लागायचा. पण हात लांब, पंजे मोठे आणि समोरच्याला हलू न देणारा बचाव.

पुढे काय झालं? फ्रेडेटचा नेम एनबीएतही काही वाईट नव्हता, लांबून शंभरात 37 लागायचे. पण तिथल्या चपळ, उंच खेळाडूंना अडवणं त्याला जमेना, आणि त्यांच्यासमोर स्वतःसाठी जागा काढणंही अवघड जाई. त्याला एनबीएत पाय रोवता आले नाहीत. लेनर्डला सॅन अँटोनियोच्या संघात नेम शिकवणारे चांगले प्रशिक्षक भेटले, चेंडू सोडायची त्याची पद्धत सुधारली, आणि पहिल्याच मोसमात लांबून त्याचेही शंभरात 37 लागले. 2014 आणि 2019 मध्ये अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

म्हणजे नेमात दोघं बरोबरीला आले. फरक पडला तो बाकीच्या गोष्टींनी.

बायकांच्या लीगमध्येही हेच दिसतं. 2024 मध्ये पहिली निवड झाली केटलिन क्लार्कची. लांबून मारण्यासाठी ती प्रसिद्ध. पण पहिल्याच वर्षी तिने एका मोसमात सर्वाधिक असिस्टचा, म्हणजे आपल्या पासवर दुसरीला बास्केट करून देण्याचा, लीगचा विक्रम केला. त्याच वर्षी सातवी निवडली गेलेली एंजल रीस. तिचे बास्केटजवळचे फेक चुकतात म्हणून लोक हसायचे. पण हुकलेला चेंडू उडी मारून पकडणं, ज्याला रिबाउंड म्हणतात, त्यात तिने सामन्याला सरासरी 13चा आकडा गाठला, लीगमध्ये सर्वांत जास्त.

मग नेम सोडून द्यायचा का? मुळीच नाही. 2016 मध्ये पहिला निवडलेला बेन सिमन्स बचावात, पास देण्यात तरबेज होता. पण 2021 च्या बाद फेरीत त्याचे तीन फ्री थ्रोंपैकी जेमतेम एक लागत होते. नेमाचा भरवसाच नसला, तर समोरचा संघ त्याच दुबळ्या जागी बोट ठेवतो.

म्हणून आमचं म्हणणं असं: नेम हवाच, पण पहिला प्रश्न नेमाचा नसावा. उंची शिकवून येत नाही. चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखणारी नजरही सहसा उशिरा शिकवून येत नाही. नेम मात्र योग्य शिकवणीने आणि रोजच्या सरावाने सुधारतो, सगळ्यांचा सारखा नाही, पण सुधारतो. तो सुधारेल का, याचा अंदाज फ्री थ्रोवरून घेतात, कारण तिथे अडवणारं कोणी नसतं, हात कसा वळतो ते स्वच्छ दिसतं. आपण गटात कर्ज देताना फक्त आजची शिल्लक बघतो का? बाई बैठकीला नियमित येते का, हप्ता वेळेवर भरते का, धंद्याची तिला समज आहे का, हेही बघतोच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची मुलगी शाळेच्या संघाच्या निवडीला गेली आणि आली, तर ‘किती बास्केट मारलेस?’ एवढंच विचारू नका. पास किती दिलेस, कोणाला अडवलंस, चेंडू हातात नसताना काय करत होतीस, हेही विचारा. निवड करणाऱ्या सरांना-बाईंनाही हेच विचारा. पंधरा वर्षांच्या मुलीचे त्या दिवशी चार फेक हुकले म्हणून तिला घरी पाठवू नये, एवढंच आमचं मागणं आहे.