साठी, बुद्धी आणि विरंगुळा

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो स्वतः साठीच्या बराच अलीकडचा असला पाहिजे. वय झाले म्हणजे नाव चटकन ओठांवर येत नाही, वस्तू कोठे ठेवली ह्याचा विसर पडतो. ह्यास कोणी रोग म्हणत नाही. परंतु वरूडकडील एखाद्या वृद्ध बागाईतदारास, आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण कसा द्यावा हे खडान्‌खडा सांगता यावे, आणि आपण सकाळी जेवलो की नाही हे मात्र सांगता येऊ नये, पुढे तर आपल्याच बागेची वाट चुकावी, हे नुसते वार्धक्य नव्हे. तो मेंदूचा विकार होय. वैद्यकात त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. लोक ‘म्हाताऱ्याला चळ लागला’ असे म्हणून मोकळे होतात.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे भारतात साठी गाठलेल्या दर शंभरांत सुमारे सात जणांस, म्हणजे अदमासे 88 लक्ष माणसांस, हा विकार आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक.

आता श्रोतेहो, पारावर बसून सोंगट्या वा पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे घरची कर्ती मंडळी कोणत्या दृष्टीने पाहतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या खेळाची बाजू घेणारा पुरावा दूर न्यूयॉर्कहून आला. तेथील ब्राँक्स भागातील 75 वर्षांवरील 469 स्त्रीपुरुषांवर पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी 124 जणांस स्मृतिभ्रंश जडला. डॉ. जो व्हर्गीस व त्यांचे सहकारी ह्यांनी 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की वाचन करणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजविणारे आणि नृत्य करणारे, ह्यांच्यात हा विकार कमी आढळला. वऱ्हाडातील भजनात ह्यांपैकी किती गोष्टी एकत्र येतात पाहा! पद पाठ हवे, खंजिरीवर हात हवा, पावलीला पाय हवा आणि शेजारी चार माणसे हवीत. तुकडोजी महाराजांच्या ह्या जिल्ह्यात ती वाण पडण्याचे कारण नाही.

मात्र येथे एक पेच आहे. खेळ सुटला म्हणून बुद्धी गेली, की बुद्धी जाऊ लागली म्हणून खेळ सुटला? हा विकार उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे मेंदूत आत आत चाललेला असतो. लंडनच्या आठ हजारांवर सरकारी नोकरांची सुमारे अठरा वर्षांची हकीकत 2020 साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीच्या उत्तरार्धात कोण किती छंद करीत होता, ह्यावरून पुढचे काही ताडता आले नाही. परंतु ज्यांचे छंद पुढे गळत गेले, त्यांच्यात विकार अधिक दिसला. तेव्हा पत्त्यांचा डाव ही मात्रा नव्हे. पण रोज भजनास जाणारा माणूस अकस्मात घरी बसू लागला, तर घरच्यांनी ते सहज घेऊ नये.

आजीबाईंचे काय? त्यांस पार नाही, आणि शाळेचे तोंडही अनेकींनी पाहिलेले नाही. शिक्षणाचा अभाव हे ह्या विकाराच्या कारणांत गणले जाते. भुलाबाईची गाणी नातींना शिकविणे, हाच त्यांतल्या कित्येकींचा विरंगुळा. तो ‘पोरखेळ’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ती गाणी एकदा पाठ म्हणून दाखवावी.

2024 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकलेपणा ही त्यांत आहेतच, बहिरेपणाही आहे. ज्यास ऐकू येत नाही तो बैठकीतून उठतो, भलतेच उत्तर देतो आणि भ्रमिष्ट ठरतो. म्हणून भजन सोडलेल्या आजोबांचे कान आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. कित्येकदा कानातून साचलेला मळच काय तो निघतो.