‘परवडत नाही’ म्हणजे कोणाला?

(शाखेच्या वार्षिक सभेत सचिवांनी केलेले भाषण)



इतक्या वर्षांच्या वाटाघाटींत आम्ही एक वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकले आहे : ‘मागणी रास्त आहे, पण परवडणार नाही.’ आज या वाक्याचाच हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे.

मे १९७४ मध्ये आमच्या आधीच्या पिढीने वीस दिवस संप केला. बोनस ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. तिजोरीला झेपणार नाही, असे उत्तर मिळाले. संप मोडला गेला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण १९७९-८० पासून रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस सुरू झालाच. त्याने रेल्वे बुडाली नाही.

अलीकडचे घ्या. कोविडच्या काळात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते, जानेवारी २०२० ते जून २०२१ पर्यंतचे, गोठवले गेले. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. आपत्ती मोठी होती, हे आम्ही नाकारत नाही. पण आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांवरील कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा अंदाजही सरकारचाच होता. ते मात्र परवडले.

मित्रहो, तिजोरी अथांग आहे असे आमचे म्हणणे नाही. आपल्याही घरी महिनाअखेर ओढाताण असतेच. पण पगार झाला की आपण आधी किराणा, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध बाजूला काढतो. बाकीचे उरले तर. म्हणजे परवडणे ही नुसती बेरीज-वजाबाकी नाही. पहिला हात कोणासाठी घालायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

धंद्यालाही हाच न्याय आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले, ते मालकाच्या खिशावरून नव्हे, तर कामगाराच्या गरजेवरून : माणशी रोज २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. किमान वेतन देण्याची ज्याची ऐपत नाही, त्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच सुमारास सांगितले.

आता आपल्या दारातले सांगतो. आमच्या स्थानकावर झाडूकाम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या बायका आहेत. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुकादम त्यातले काही रोख परत घेतो. आम्ही एका बाईंना म्हणालो, “ताई, लेखी तक्रार द्या, आम्ही पाठीशी आहोत.” त्या म्हणाल्या, “दादा, तुमचं बरोबर आहे. पण उद्या कामावरून काढलं तर? मला नाही परवडत.”

बंधूंनो, हे वाक्य आम्ही आयुष्यभर खोडून काढत आलो. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण या बायकांना सभासद करून घेण्याचा विषय आपल्याच कार्यकारिणीत दोनदा आला होता. वर्गणी कमी, कोर्टाचा खर्च जास्त, शाखेला परवडणार नाही, असे म्हणून तो आपणच बाजूला ठेवला. साहेबांचे वाक्य आपल्या तोंडी कधी आले, आपल्याला कळलेसुद्धा नाही.

ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते, नव्या संहितेतही ते आहे. पण कायदा आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला वर्गणी लागते, वकील लागतो आणि एकटीच्या मागे उभी राहणारी माणसे लागतात.

म्हणून आमचा ठराव असा : प्रत्येक कायम सभासदाने दरमहा वीस रुपये वेगळ्या निधीत द्यावेत. तक्रार करणाऱ्या बाईंचे काम गेले, तर निकाल लागेपर्यंत त्यांच्या घरचा किराणा या निधीतून भरला जाईल. वीस रुपये म्हणजे दोन चहा. ते परवडत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी आत्ता, इथेच हात वर करावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!