कार्यालयातला संगणक : दुरुस्ती, सुधारणा की कंडम?

(शाखा-सचिवांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

आज वेतन-भत्त्यांचा विषय नाही. विषय आहे शाखा कार्यालयातल्या जुन्या संगणकाचा. तो लहान वाटेल; पण सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, पेन्शनची आणि अनुकंपा नियुक्तीची प्रकरणे, प्रशासनाशी झालेला पत्रव्यवहार, हे सारे त्यातच आहे. तो अचानक बसला, तर एखाद्या विधवा भगिनीचा अर्ज आपण कोणत्या तारखेला पुढे पाठवला, हे सांगायला आपल्यापाशी पुरावा उरत नाही. आणि नवा घ्यायचा तर पैसा वर्गणीतून जातो. तेव्हा हा निर्णय दुकानदारावर सोडून भागणार नाही.

माटुंग्याच्या वर्कशॉपात डबा पीओएचला येतो, तेव्हा नुसते वय बघून कोणी तो भंगारात काढत नाही. आधी उघडतात, तपासतात, काय झिजले ते पाहतात. टपालातल्या साथींनाही हे पटेल; तारखेचा शिक्का झिजला म्हणून कोणी काउंटर मोडत नाही.

पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, कागद वाचवण्याचे. सर्व फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्या उघडतात की नाही ते पाहा. जुनी पत्रे जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती वाचताच येणार नाहीत. त्यांची पीडीएफ आधीच करून घ्या.

मग दुखणे ओळखा. तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते. ती स्वस्तात मिळते. मध्येच बंद पडत असेल, तर पंख्यावरची धूळ आणि पॉवर सप्लाय तपासा. हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली, तर तिच्यावर काम थांबवा, आधी फायली काढा. या दुरुस्त्या कराव्यात. पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, तर जुन्या यंत्रावर खर्च करण्यात अर्थ नाही.

आता आमच्या शाखेचेच उदाहरण घ्या. खरेदी २०१४ ची. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू होईपर्यंत चहा पिऊन होत असे. कोणी म्हणाले, नवाच घ्या. कोणी म्हणाले, चालतोय तोवर चालू द्या. आम्ही कार्यकारिणीत तीनच प्रश्न ठेवले. यावर काम काय होते? नेमके काय बिघडले आहे? आणि घातलेला पैसा पुढे उपयोगी पडेल का?

काम पत्रांचे व हिशेबाचे होते. मंदपणा मुख्यतः हार्ड डिस्कचा होता. एसएसडी बसवली तर ती पुढे दुसऱ्या यंत्रातही लावता येते. पण त्याची डीडीआर-३ रॅम नव्या यंत्रात बसत नाही. म्हणून रॅम वापरलेली घेतली, एसएसडी नवी.

एक अडचण उरली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचे यंत्र त्यात बसत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर सभासदांची माहिती ठेवणे योग्य नाही. आम्ही लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. प्रिंटर चालला, मराठी टायपिंग झाले, तेव्हाच ते बसवले. ते मोफत आहे.

पण हे सर्वांनाच लागू नाही. ज्या शाखेचा हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो, तिने जुन्या यंत्रात पैसा घालू नये, बदलावे. तेही कोरे करकरीतच हवे असे नाही. वरच्या अटी पुऱ्या करणारे वापरलेले यंत्र लेखी हमीवर मिळाले तरी पुरे.

जुने यंत्र भंगारवाल्याला विकू नका. डिस्क पूर्ण पुसा आणि ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांची दिशा तीच आहे. सभासदांचे पत्ते आणि बँक खाती बाजारात जाता कामा नयेत.

शेवटी, साथींनो, दुरुस्ती असो की खरेदी, दोन ठिकाणचे दर मागवा, ठराव करा, पावती फायलीला लावा. ज्याच्या वर्गणीतून हा पैसा येतो, त्या गँगमनने आणि पोस्टमनने उद्या सर्वसाधारण सभेत विचारले, तर आपल्यापाशी तीनही प्रश्नांची उत्तरे लेखी असली पाहिजेत.